अन्याय नको, गैरसोय लिहू

तराजूकाकांचं खरं नाव कचेरीच्या रजिस्टरात होतं आणि तिथेच ते सुखाने पडून होतं. बाहेरच्या जगाला ते तराजूकाका. कचेरीच्या लांब ओसरीत पत्र्याखाली पाच टेबलं ओळीने मांडलेली होती आणि पाचही टेबलांवर लोकांचे अर्ज लिहून देणारी माणसं बसत. खांबाजवळचं, कोपऱ्यातलं टेबल काकांचं. बाकीचे चौघे अर्ज लिहीत, काका शब्द तोलत. एखादा शब्द कागदावर ठेवण्याआधी ते डोळे मिटत आणि उजव्या हाताचा पंजा हळूहळू वरखाली करत. ते पाहून कुणीतरी एकदा तराजू म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. राग येणं सोडाच, काका मनातून खूश होते.

येईल त्याला ते एक नियम सांगत. "तक्रार तीन वेळा सांगायची. पहिली रागाची, दुसरी लोकांची, तिसरी कागदाची." पहिल्या खेपेला माणसाने तोंडाला येईल ते बोलावं, तोवर काकांचं पेन टोपण लावून खिशात. दुसऱ्या खेपेला शेजारी काय म्हणाले, मेहुणा काय म्हणाला, ते सगळं. तिसऱ्या खेपेपर्यंत घसा कोरडा पडून माणूस आपसूक मुद्द्यावर येई. मग टोपण निघे.

पहिल्या खेपेला म्हणींची खैरात असे. "आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, काका!" "बळी तो कान पिळी, दुसरं काय!" "आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं!" एका शिंप्याने तर एका दमात सात म्हणी ऐकवल्या. काकांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "सातही खऱ्या आहेत. पण म्हण वाचून साहेबाला राग येत नाही, झोप येते. आता सांगा, तुमच्या दुकानासमोरचं गटार उघडं कुणी टाकलं?"

आणि तिसऱ्या खेपेला माणूस हमखास म्हणे, "लिहा काका, माझ्यावर घोर अन्याय झालाय."

काकांचा पंजा वर जाई. "अन्याय नको. गैरसोय लिहू."

"अहो, गैरसोय कसली! माझ्या खिडकीसमोर त्याने भिंत घातली! घरात दिवसा दिवा लावावा लागतो!"

"मग? उजेडाची गैरसोय."

माणूस 'आ' वासून बघत राही. काका समजावत. "हे बघा, अन्याय म्हटलं की साहेब विचारणार, कुणी केला? आणि करणारा त्याच्याच खात्यातला निघाला की तुमचा कागद माळ्यावर. गैरसोय म्हटलं की त्याला वाटतं, चला, कुणावर तरी उपकार करू. न्याय द्यायचं माणसाच्या जिवावर येतं हो. उपकार करायला सगळे तयार."

हे ऐकून कुणाचं पित्त खवळत असेल तर खवळू दे. कामं व्हायची, हे मात्र खरं. भिंत दोन महिन्यांत खाली आली होती.

तर अशी काकांची शब्दांची उतरंड होती. सगळ्यात खाली गैरसोय, ती रोजची. दोन शिपायांपैकी एकाला नवा रेनकोट आणि दुसऱ्याला साहेबाचा जुना मिळाला, तर दुजाभाव. बढतीच्या यादीतून नाव उडवलं, तर डावललं. पण डावललं हेही ते जपून वापरत, महिन्यातून एखाद-दोनदा. पक्षपात म्हटला की नाव घ्यावं लागतं, म्हणून तो शक्यतो नकोच. आणि त्यांचा सर्वांत लाडका शब्द म्हणजे 'अनवधानाने'. एखाद्याने जाणूनबुजून, दात काढून, मुद्दाम तुमचं नाव खोडलं असेल, तर काका लिहीत, 'माझे नाव अनवधानाने राहून गेले आहे.' म्हणत, "मागे फिरायला दार ठेवावं माणसाला. दार दिसलं की तो फिरतो. भिंतीला पाठ लागली की चावतो."

आणि अन्याय? तो कचेरीच्या भिंतीवर टांगलेल्या वाळूच्या लाल बादलीसारखा. भरलेला ठेवायचा, हात लावायचा नाही. एकतीस वर्षांत काकांनी तो एकदाही लिहिला नव्हता आणि हे ते अभिमानाने सांगत.

या एकतीस वर्षांतली चौदा वर्षं त्यांच्या शेजारी टाइपरायटरवर त्यांची थोरली मुलगी बसत होती. सुरुवातीला फक्त टाइप करायला. पुढे काकांच्या डोळ्यांवर पडदा आला, समोरच्याचं नाक दिसे पण कागदावरची ओळ दिसेना, तेव्हापासून ऐकणं काकांचं आणि लिहिणं तिचं. मग हळूहळू ऐकणंही तिचं झालं. काका पंजा हलवत आणि "बरोबर" म्हणत. लोक मात्र अजून तराजूकाकांकडे जाऊन आलो असंच सांगत. थोरलीला त्याचं काही वाटत असेल तर तिने ते कधी दाखवलं नाही. ती मुळात कमी बोलणारी. दिवसभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्याला स्वतःचं सांगायला उसंत कुठे?

एकदा एका बेकरीतली बाई आली होती. एकोणीस वर्षं भट्टी सांभाळली आणि मुकादमाची जागा रिकामी झाली तेव्हा ती मालकाच्या भाच्याला मिळाली. मालक म्हणाला, "बाई, तुम्ही भट्टीवरून उठलात तर पाव कोण भाजणार? त्याला बिचाऱ्याला काहीच येत नाही, त्याला मुकादम करण्यावाचून इलाज नाही." काकांनी पंजा हलवला, पण शब्द सापडेना. डावललं बसत नव्हतं, दुजाभाव हलका पडत होता. तेव्हा थोरली मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "गुणाची सजा."

काकांनी मांडीवर थाप मारली. "वा! लिही!" पुढची तीन वर्षं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, की गुणाची सजा हा शब्द त्यांना कसा सुचला. थोरली ऐकत असे आणि रिबन बदलत असे.

काकांना एक मुलगाही होता, धाकटा. दिसायला देखणा, बोलायला गोड, कामाला उद्या. फोटोग्राफी करून झाली, गाडी चालवून झाली, मित्राच्या दुकानात बसून झालं. प्रत्येक ठिकाणी लोक म्हणत, स्वभावाने लाख माणूस. ते म्हणत आणि त्याला घरी पाठवत.

अशात कचेरीने फतवा काढला. पासष्टी ओलांडलेल्या टेबलवाल्यांनी आपल्यामागे टेबल कुणाच्या नावे करायचं ते एका छापील फॉर्मवर लिहून द्यावं. नाव एकच, घरातलं. त्या नावाखेरीज दुसरं कुणी त्या ओसरीत बसू शकणार नाही. काका सदुसष्ट वर्षांचे.

घरी काकूंनी विषय काढला. "अहो, नाव कुणाचं घालताय?"

"बघू."

"बघू काय? चौदा वर्षं ती घासतेय तिथे."

"अगं, म्हणूनच तर," काका म्हणाले. "तिचं काय, ती कुठेही पोट भरेल. हुशार आहे, हात चालतो, डोकं चालतं. याचं कसं व्हायचं? याला टेबल तरी असू दे."

काकूंनी कपाळाला हात लावला आणि आत निघून गेल्या. काकांना वाटलं, पटलेलं दिसतंय.

डोळ्यांवर पडदा आल्यापासून चार वर्षांत काकांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली नव्हती. हा फॉर्म मात्र त्यांनी स्वतः लिहिला, खांबाकडे तोंड करून, थोरली जेवायला गेली असताना. अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली. तसाच तो खिडकीत देऊन आले आणि हात झटकले.

दुपारी खिडकीतला कारकून फॉर्म घेऊन बाहेर आला आणि सवयीने सरळ थोरलीच्या मशीनपाशी थांबला. "ताई, हे अक्षर काही लागत नाही. जरा टाइप करून देता? नाव नीट दिसलं पाहिजे हो, नाहीतर उद्या भलत्याचंच टेबल व्हायचं."

थोरलीने फॉर्म वाचला. वडिलांचं अक्षर तिला लागत होतं. तिने मशीनमध्ये नवा फॉर्म घातला आणि धाकट्या भावाचं नाव टाइप केलं, एकही चूक न करता. समासही बरोबर सोडला. कागद कारकुनाच्या हातात दिला आणि म्हणाली, "सही बाबांची घ्या, ते तिथे बसलेत."

काकांनी सही केली. कशावर केली ते त्यांना दिसलं नाही, पण कळलं.

संध्याकाळी घरी जाताना दोघं नेहमीसारखी शेजारून चालत होती. शेवटी काकांनीच घसा साफ केला. "थोरले, मनात काही आणू नकोस. तुझाही योग्य वेळी विचार करण्यात येईल."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि काकांना आपल्याच जिभेचा राग आला. कारण 'विचार करण्यात येईल' असं उत्तर आलं की ते लोकांना काय सांगत? "याचा अर्थ नाही. घरी जा."

थोरली म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, मशीनवरचं आवरण काढलं, घडी करून ठेवलं, पण मशीनपुढे बसली नाही. पेटीतला पत्र्याचा नंबराचा बिल्ला घेतला आणि गाऱ्हाणी घेऊन आलेल्यांच्या बाकावर जाऊन बसली. बिल्ला तिसरा होता.

पहिल्या माणसाने काकांना घाम फोडला. काकांना ना ओळ दिसे ना पेन धड चाले. दुसऱ्याने तर मध्येच कागद काढून घेतला आणि "ताई मोकळ्या झाल्या की येतो" म्हणून चहाला गेला. मग काका कुणाकडेही न बघता म्हणाले, "तीन नंबर."

थोरली समोरच्या खुर्चीत येऊन बसली. बाकावरची माणसं पुढे सरकली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"बोला," काका म्हणाले. गिऱ्हाइकाला अहो-जाहो करायचं, हा त्यांचाच नियम.

"तीन वेळा सांगायचं ना?"

"नियम आहे."

"मग पहिली खेप, रागाची," थोरली म्हणाली आणि गप्प बसली. काकांकडे बघत बसली. ओसरीत इतकं शांत झालं की आतल्या पंख्याचा खडखडाट ऐकू आला. काकांनी दोनदा खुर्ची सरकवली. "झाली. आता दुसरी. लोक म्हणतात वडील चांगले आहेत आणि भाऊही चांगला आहे. ते खरं आहे. आता कागदाची घ्या."

काकांनी टोपण काढलं.

"अर्जदार गेली चौदा वर्षे या टेबलावर काम करीत आहे. टेबलाच्या फॉर्मवर अर्जदाराचे नाव अनवधानाने राहून गेले आहे..."

पेन थांबलं. "अनवधानाने नव्हतं," काका हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे. पण समोरच्याला मागे फिरायला दार ठेवावं लागतं. लिहा. त्यामुळे अर्जदाराची गैरसोय होत आहे, तरी ती दूर व्हावी, ही विनंती."

"अर्ज कुणाच्या नावे?"

"तुमच्या."

बाकावरचा एक म्हातारा "अरे देवा" म्हणाला आणि आपला बिल्ला घेऊन उभाच राहिला. काकांनी तो कागद पूर्ण केला. डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि आता त्याचं कारण फक्त पडदा नव्हता. थोरलीने त्याखाली सही केली, कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि मशीनपुढे जाऊन बसली. "चार नंबर," ती म्हणाली.

एकतीस वर्षं लोकांच्या डोळ्यांतलं कुसळ शोधलं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ लेकीने बिल्ला घेऊन दाखवलं. ती ओरडली असती, रडली असती, तर काकांनी तिला पाणी दिलं असतं. पण तिने त्यांचाच शब्द त्यांना दिला, तोही सगळ्यात मऊ. तो दिवसभर टोचत राहिला. बेकरीवाली आठवली. मालकाचं वाक्य आणि आपण काकूंना ऐकवलेलं वाक्य यांत पावाएवढाही फरक नव्हता.

तिसऱ्या प्रहरी काका उठले, चाचपडत खिडकीशी गेले. कारकून म्हणाला, "नाव बदलायचंय? मग अर्ज लागेल, काका. कारणासकट. तुम्हाला काय सांगायचं!"

काकांनी तिथेच, खिडकीच्या फळीवर, मोठ्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं. कारकुनाने कागद दूर धरून वाचला आणि त्याचा चेहरा पडला. "काका, 'माझ्या हातून मुलीवर अन्याय झाला आहे'? हे काय लिहिलंत? या शब्दाला चौकशी लागते. अनवधान लिहा ना! तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत."

"अनवधान नव्हतं."

"अहो, पण परवान्यात कलम आहे. टेबलवाल्याने अन्याय केल्याचं सिद्ध झालं तर टेबल जप्त. मग ना तुमच्या लेकाला ना लेकीला."

"ते कलम लोकांवरच्या अन्यायाचं आहे."

"मुलगी लोकांत येत नाही का?"

काकांनी कागद परत हातात घेतला. पण आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द लिहिला होता आणि तो खोडायला हात होईना. "घ्या दाखल करून," ते म्हणाले आणि छाती पुढे काढून परत आले.

थोरलीला कळलं तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. चौदा वर्षांत पहिल्यांदा सगळ्या ओसरीने तो ऐकला. "बाबा! जन्मात एकदा खरा शब्द लिहिलात, तो नेमका माझ्याच टेबलावर?"

काकांची छाती जागच्या जागी बसली. पश्चात्तापाची ऐट मिरवावी तर तीही लेकीच्या जिवावर.

कचेरीत साधी भिंत पाडायला दोन महिने लागतात, पण इथे अन्याय शब्द होता, म्हणून पंधरा दिवसांत चौकशी लागली. एवढ्या तत्परतेने कुणाच्याच अर्जाची दखल घेतली गेली नव्हती आणि बाकीच्या चार टेबलांवर त्याची खूप चर्चा झाली. चौकशीचे साहेब तरुण होते, नवीन होते. त्यांनी कागदावर लिहिलं, 'तक्रारदार: टेबलवाले. आरोप कोणावर: टेबलवाले.' मग पेन चावत बसले.

आधी धाकट्याला बोलावलं. तो नीट भांग पाडून आला होता. "मला टेबल नकोच होतं," तो म्हणाला. "दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची? छे! पण मला विचारलं कुणी?" साहेबांनी हे लिहून घेतलं. काकांनी मान खाली घातली. म्हणजे दया केली तीही न विचारता. एका दगडात दोन पक्षी मारले म्हणतात, ते हेच.

मग थोरली. साहेब म्हणाले, "ताई, एकच प्रश्न आहे. तुमच्या वडिलांनी तुमच्यावर अन्याय केला, असं तुमचं म्हणणं आहे का? नीट विचार करून सांगा. हो म्हणालात तर कलम लागेल."

काका दारात उभे होते. हो म्हणाली तर टेबल गेलं, आणि तिची चौदा वर्षं पत्र्याखालून रस्त्यावर. नाही म्हणाली तर झालं ते झालंच नव्हतं, असं सरकारदरबारी कायमचं लिहिलं जाणार. त्यांचा उजवा पंजा आपोआप वर आला आणि तसाच राहिला. तोलायला काही नव्हतंच. ज्याने तोलायचं तोच आज पारड्यात बसला होता.

थोरलीने क्षणभर दाराकडे पाहिलं. मग सरळ साहेबांना म्हणाली, "अन्याय नाही, साहेब. गैरसोय झाली."

साहेबांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद उमटला की काय सांगावं! त्यांनी झरझर लिहिलं, 'सबब अर्जदाराची गैरसोय दूर करण्यात यावी. फॉर्मवरील नाव अनवधानाने राहिले असल्याने दुरुस्त करण्यात यावे.' शिक्का बसला. उपकार केल्याच्या समाधानात त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

टेबल थोरलीचं झालं. घरी काकूंनी गोड केलं, धाकट्याने दोन वाट्या खाल्ल्या. सगळं झाल्यावर थोरली गॅलरीत कपडे काढत होती. काका तिथे गेले. चाचपडत, दोरीला हात लावत.

"थोरले, गैरसोय?"

"कागदासाठी होतं ते, बाबा."

"आणि कागदाबाहेर?"

तिने हातातली चादर खाली ठेवली. मग स्टूल ओढलं, त्यांच्या पुढ्यात सरकवलं आणि दुसऱ्या स्टुलावर स्वतः बसली.

"त्या दिवशी पहिली खेप राहिली होती," ती म्हणाली. "रागाची. ऐकणार?"

काकांनी खिशातलं पेन काढलं, टोपण घट्ट आहे ना ते पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. "बोल," ते म्हणाले.

ती बोलायला लागली. पहिलाच शब्द होता, अन्याय. दोरीवरचे कपडे पार वाळून कडक झाले तरी तिचं संपलं नव्हतं, आणि काकांचा हात मांडीवरून हलला नाही.